वाकळीखालचा आवाज

मी मरत होतो तेवढ्यात ट्रॅक्टर आला. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन स्पीकर आणि पहाटे साडेतीनला गल्ली उठून बसेल एवढ्या आवाजात गाणं. हेडफोनमध्ये माझा शेवटचा श्वास आणि त्या गाण्याचा ठेका एकत्र आले. पुसलं. परत मेलो. आता कोंबडा.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात ऊस हंगामात राहणं आणि आवाजाची कामं करणं, ही दोन्ही एकाच माणसानं करू नयेत. पण आप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नोव्हेंबरात मी लंडनहून आलो तो चार महिने इथंच राहिलो. बायको तिथं नर्स आहे, तिला एवढी रजा कुठली मिळायला. माझं काम मात्र माइक, लॅपटॉप आणि शांतता असली की कुठूनही होतं. पहिल्या दोन वस्तू बॅगेतून आणल्या होत्या.

तिसरी माळ्यावर तयार करावी लागली. ट्रंकेतून सात वाकळी निघाल्या. आज्जीच्या जुन्या लुगड्यांच्या, हाताला दगडासारख्या जड. आंब्याच्या लाकडाच्या दोन शिड्या उभ्या केल्या, वाकळी त्यांवर टाकल्या, एक डोक्यावर घेतली. आत टाळी वाजवून बघितली. टाळी वाजली आणि तिथंच विरली, मागं घुमारा नाही. लंडनमध्ये याच कामासाठी मी फोमचे तुकडे विकत घेतले होते, ते या लुगड्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. फक्त एक गोष्ट मला उशिरा कळली. वाकळ आतला घुमारा खाते, बाहेरचा आवाज अडवत नाही. तो अडवायला भिंतीचं वजन लागतं, आणि आमच्या माळ्यावर पत्रा आहे. म्हणून मग पहाटेचा मुहूर्त. फ्रिज बंद, पंखा बंद, मोबाइल खाली. कोण काही बोलत नसताना नुसत्या खोलीचा म्हणून जो आवाज असतो तो उणे ६० डेसिबलच्या खाली पाहिजे, अशी साधारण मागणी असते (रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज शून्य धरतात आणि तिथून खाली मोजतात). माळ्यावर तो पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान मिळायचा, तोही ट्रॅक्टरवाल्यांच्या मर्जीनं.

सकाळी चहा देताना आईनं विचारलं, "रात्री काय करालतास वर?"

"काम."

"कन्हत हुतास की."

"तेच काम."

ते काम व्हिडिओ गेमचं होतं. त्यात माझी तीन वाक्यं आणि सव्वीस मरणं. तलवार लागून, जळून, उंचावरून पडून, पाण्यात गुदमरून. प्रत्येकाचे आखूड, मध्यम आणि लांब असे प्रकार. याला एफर्ट्स म्हणतात. हे कायम शेवटी करायचं, कारण एकदा घसा फाटला की पुढची वाक्यं गेली. मी पहिल्या वेळी उत्साहात आधी मेलो होतो आणि नंतरचे चार दिवस बायकोशी खुणांनी बोलत होतो.

मुळात मी केशवराव भोसले नाट्यगृहातला माणूस. म्हणजे नट वगैरे मोठा नाही, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी एखादी भूमिका, आणि दिवसा एका दुकानात हिशेब. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या त्या थिएटरात आम्हाला एकच शिकवण मिळाली, की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. पुढं पोट सुटलं तरी आवाज सुटला नाही. मग बायकोला इंग्लंडला नोकरी लागली आणि मी तिच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर गेलो. त्या व्हिसावर जवळपास कुठलंही काम करता येतं. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून तेवढं करता येत नाही. कोल्हापुरात हे सांगितल्यावर तालमीतला मित्र म्हणाला, "म्हंजे कुस्ती न्हाई, फुटबॉल न्हाई. मग तिथं जाऊन करायचं तरी काय?"

मी वर्षभर गोदामात खोकी उचलली. नंतर एका फिरत्या नाटकमंडळीत घुसलो. शाळाशाळांतून जाऊन दात घासायचं महत्त्व सांगायचं. मी किडलेली दाढ होतो. हसू नका, त्या दाढेच्या करारामुळंच पुढचं सगळं झालं. तिथं स्पॉटलाइट म्हणून नटांची यादी आहे, १९२७ पासूनची. आधी जाडजूड पुस्तकं निघायची, आता सगळं ऑनलाइन. कास्टिंगवाले तिथंच बघतात. त्या यादीत शिरायला एक तर रीतसर शिक्षण पाहिजे, नाहीतर पैसे घेऊन काम केल्याचा कागद. आणि यादीत नाव नसेल तर कागद देणारं काम कोण देणार? माझी सुटका दाढेनं केली.

मग युनियन. इक्विटी ही तिथली नटांची संघटना १९३० ची. तिचा एक नियम मला फार आवडला आणि फार नडला: एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. आपल्याकडं एका गल्लीत एकाच नावाचे तीन पाटील असतात, आणि पोस्टमन तिघांनाही ओळखतो. तिथं माझं नाव-आडनाव कुणीतरी आधीच घेतलेलं. सुचवलं गेलं की आडनाव बदला, काहीतरी सुटसुटीत घ्या. दोन रात्री मी इंग्रजांच्या जिभेला सोपी आडनावं जुळवत बसलो, एकातही मी मला दिसेना. शेवटी मधे वडिलांचं नाव घातलं, जसं दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसं. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आधी काय लावत हुतास?"

घरी पहिला घोळ झाला तो ‘सपोर्टिंग आर्टिस्ट’ या शब्दावरून. मला पहिला फोन आला तो सपोर्टिंग आर्टिस्ट पाहिजे म्हणून. मी सगळ्या नातेवाइकांना कळवलं, सहाय्यक अभिनेत्याचं काम मिळालं. मावसभावानं तालमीच्या ग्रुपवर टाकलं. पहाटे पाचला गेलो तर चिखलाच्या माळावर दोनशे माणसं, प्रत्येकाला एक भाला आणि एक ओलं घोंगडं. तिकडं सपोर्टिंग आर्टिस्ट म्हणजे आपला मॉब. वाक्य असेल तर तुम्ही ‘अॅक्टर’, मग करार वेगळा, पैसे वेगळे, जेवणाची रांगसुद्धा वेगळी. मॉबमधल्या कुणाला आयत्या वेळी एक शब्द जरी बोलायला दिला तरी त्याचा दर बदलतो, म्हणून दिग्दर्शक मॉबला हातवारे करायला लावतो, बोलू देत नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, जयप्रभा स्टुडिओत मावळा म्हणून उभे राहायचे. जेवण आणि थोडे पैसे. ते सांगायचे, मावळ्यानं कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं. दोन पिढ्यांनी प्रगती एवढीच, की माझं घोंगडं परदेशी होतं.

वाक्य मिळायला पुढं दोन वर्षं गेली. आता त्याची रीत सांगतो, कारण इथली नाटकवाली पोरं हेच विचारतात.

तुम्ही कुणाला भेटत नाही. मेल येतो, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळी टेप पाहिजे असते. सेल्फ-टेप. दोन पानांचा प्रसंग, त्यावर तुमचं नाव पाण्यासारखं छापलेलं, म्हणजे बाहेर फुटलं तर कुणाकडून फुटलं ते कळावं. मोबाइल आडवा, मागं एकरंगी भिंत, छातीपासून वर, उजेड समोरून. आधी नाव आणि उंची सांगायची, आणि दोन्ही कुशी दाखवायच्या, बैल बाजारात दाखवतात तशा. समोरच्याची वाक्यं कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी वाचायची. त्यानं हळू वाचायचं आणि अभिनय करायचा नाही, कारण माइक त्याच्या जवळ असतो. हे अकरावीतल्या भाचीला समजावता समजावता जानेवारीतला एक रविवार गेला. मी संशयित, ती अमेरिकन पोलीस. तिसऱ्या टेकला तिनं टेबलावर मूठ आपटली. मी सांगितलं, बाई, मूठ आपटू नको. म्हणाली, "मामा, तू खोटं बोलालायस हे दिसालंय की. मग मी गप कशी बसू?" तिचा आवाज माझ्यावर चढला होता, आणि खरं सांगायचं तर दृश्य तिनंच खाल्लं होतं. तोच टेक पाठवला.

पाठवल्यावर काय होतं? काही होत नाही. ‘नाही’ असं कुणी कळवत नाही. आठ दिवस उत्तर नाही म्हणजे नाही. कधीकधी एजंट कळवते की तुला ‘पेन्सिल’ केलंय, म्हणजे त्या तारखा राखून ठेव, पण पक्कं काही नाही. पेन्सिल जड असते, हलकी असते, आणि खोडली तर कळतंच असं नाही. त्या तारखांना दुसरं काम घ्यायचं नाही, सुट्टी घ्यायची नाही. माझ्या भिंतीवरच्या महालक्ष्मी कॅलेंडरवर पेन्सिलीच्या इतक्या खुणा असतात की बायको अमावस्या-पौर्णिमा मोबाइलवर बघते.

त्यातून एकदा शाई झाली. इस्पितळातला डॉक्टर, दोन वाक्यं. नातेवाइकांना सांगायचं की पेशंटची तब्येत नाजूक आहे, पुढचे काही तास महत्त्वाचे. आनंद असा झाला की रात्रभर आरशासमोर तब्येत नाजूक करत होतो. बायको ड्यूटीवरून आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "स्टेथोस्कोप असा कोण गळ्यात घालतं? लग्नाचा हार आहे का तो?" मग तिनं दाखवलं. वाईट बातमी सांगताना डॉक्टर आधी खाली बसतो, उभ्यानं सांगत नाही. हात मोकळे ठेवतो. आणि वाक्य झाल्यावर थांबतो, लगेच पुढचं बोलत नाही. कुठल्या नाट्यशिबिरात मला हे कुणी शिकवलं नाही.

शूटिंगच्या दिवशी पावणेपाचला गाडी आली. मेकअप सात वाजेपर्यंत झाला आणि त्यानंतर मी चार फुटांच्या खोलीत नऊ तास बसलो. दाराबाहेर पात्राचं नाव लावलेलं, ‘डॉक्टर २’. चारला बोलावलं. पहिल्याच टेकला आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत गेला. साउंडवाल्यानं हेडफोन काढून कान चोळले. दिग्दर्शिका आली आणि फार नरमाईनं म्हणाली, माणूस तुझ्यापासून दोन हातांवर आहे, त्याच्याशी बोल. मी आवाज कमी केला तर वाक्यातला जीवही गेला. तेव्हा मला उलगडलं ते असं: आवाज कमी करायचा नसतो, अंतर कमी करायचं असतं. माळ्यावर वाकळीखाली झोपलेल्या भावाशी, आईला ऐकू जाऊ नये म्हणून बोलतो ना, तसं. दुसरी सूचना होती, "थोडं अजून इंडियन करशील?" हे मी डझनभर वेळा ऐकलंय. माझं खरं इंग्रजी, ज्यात ‘वॉटर’मधला ट बावड्याच्या विहिरीत दगड पडल्यासारखा पडतो, ते त्यांना इंडियन वाटत नाही. त्यांच्या कानात एक वेगळंच इंडियन बसलेलं आहे, जे कोल्हापुरात तर नाहीच, पण मी दिल्लीतही कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. ते मी शिकलो. पोटाचा प्रश्न असतो.

दोनातलं एक वाक्य पुढं कापलं गेलं. उरलेल्यावर विमानाचा आवाज आलेला, म्हणून सात महिन्यांनी तेच वाक्य परत बोलून घ्यायला लंडनच्या सोहोतल्या स्टुडिओत बोलावलं. याला एडीआर म्हणतात. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तुमचंच तोंड हलत असतं. कानात तीन बीप वाजतात, आणि चौथा जिथं वाजायला हवा तिथं तो वाजत नाही, तिथं तुम्ही बोलायचं. न वाजलेल्या बीपवर बोलायचं हे मला लगेच जमलं. तबल्याची समेची जागा ज्याला कळते त्याला जमतंच. कठीण गेलं ते वेगळं: सात महिन्यांपूर्वीच्या ‘डॉक्टर २’ला भूक लागली होती, तो चिडलेला होता, आणि आता मी पोटभर जेवून आलो होतो. तेच शब्द ओठांवर बसत होते, पण डोळ्यांवर बसत नव्हते. अकराव्या वेळी बसले.

तिथल्या इंजिनिअरला माझा आवाज लक्षात राहिला आणि त्यातून मला गर्दीचं काम मिळालं. आता माझ्या वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्याचा आहे. पडद्यावर बाजार दिसतो ना, तिथला गलका शूटिंगच्या वेळी नसतोच. मॉबला ओठ हलवायला सांगतात, म्हणजे मुख्य नटाचं बोलणं स्वच्छ मिळावं. नंतर आम्ही सहा-आठ जण स्टुडिओत येतो आणि हजार माणसं होतो. माइक मधे, आम्ही त्याच्याभोवती गोल फिरत बोलत राहतो, म्हणजे प्रत्येकजण जवळ येतो आणि लांब जातो. बाहेरून बघणाऱ्याला भोंडला वाटेल. नियम एवढेच की कुणाचं नाव घ्यायचं नाही, कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कुठलाही शब्द ठळक ऐकू यायला नको, आणि बुटांचा आवाज नको. म्हणून आम्ही मोज्यांवर फिरतो.

८ ऑगस्ट २०२४. एका मोठ्या मालिकेतला बाजार होता. कुठलं तरी काल्पनिक राज्य, बैलांसारखी शिंगवाली जनावरं, गाड्या अडकलेल्या. आमच्याकडून गलका करून घेणारी बाई म्हणाली, इथं इंग्रजी नको, ज्याला जी येते ती बोला, नाहीतरी कळणार नाही. माझ्या शेजारचा पोलिश बोलत होता, एक बाई योरुबा. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या शहरात पैसे घेऊन कोल्हापुरी बोललो. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा आवाज काढला. "ए, गाडी बाजूला घे की रं! किती वेळ झाला हुबा हाय! काय सासऱ्याची वाट हाय व्हय?" गलका करून घेणारी बाई काचेपलीकडून अंगठा दाखवत होती. कुणीच मला कमी कर म्हणालं नाही, अजून इंडियन कर म्हणालं नाही.

साडेपाचला बाहेर पडलो, मोबाइल चालू केला, आणि तालमीच्या ग्रुपवर पंचाहत्तर मेसेज. केशवराव जळत होतं. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे दहा. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती. कुणीतरी खासबागेच्या बाजूनं व्हिडिओ काढलेला, त्यात छपरातून ज्वाळा आणि मागं माणसांचा गलका. मी फुटपाथवर उभा राहून तो पुन्हा पुन्हा बघितला. त्या गलक्यात एकेक माणूस वेगळा ऐकू येत होता. या धंद्याची ही एक वाईट खोड लागते. "पाणी कुठाय", "मागं व्हा", आणि एक बाई नुसतीच "आई गं, आई गं". स्टुडिओत आम्ही कितीही गोल फिरलो तरी ती बाई करता आली नसती.

मधल्या काळातलं फार सांगत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या नटांचा संप १४ जुलैला सुरू झाला तो ११८ दिवस चालला, आणि माझी एक तीन वाक्यांची भूमिका त्यात गेली ती परत आलीच नाही. संपाचं एक कारण होतं यंत्रानं नटांचे आवाज आणि चेहरे तयार करणं. तेव्हापासून करारातलं ते कलम मी चष्मा लावून वाचतो. गेल्या वर्षी एकांनी चार तासांचं नुसतं वाचन मागितलं, पैसे बरे होते, आणि खाली बारीक अक्षरांत ‘यापुढं कुठल्याही स्वरूपात’ असं काहीतरी होतं. युनियनला दाखवलं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. सोडलं. पैसे बरे होते हे परत लिहितोय, कारण ते अजून आठवतात.

तो बाजार गेल्या महिन्यात आला. श्रेयनामावलीत आम्ही गर्दीवाले बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळं मालिकेचं नाव सांगून उपयोग नाही. आधी घरच्यांना ‘डॉक्टर २’ दाखवला. आई खुर्ची पुढं ओढून बसली. मी दिसलो, तब्येत नाजूक आहे म्हणालो, आणि गेलो. आई पडद्याकडं बघत राहिली. "झालं?" म्हणाली. "व्हय." "बरं बोललास. पण बारीक दिसालायस."

मग बाजार लावला. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं नव्हतं ते राहिलं असेल. शिंगवाली जनावरं आली, मुख्य बाई तलवार घेऊन गर्दीतून वाट काढत निघाली, आणि डाव्या स्पीकरमधून, गलक्याच्या तळातून, अगदी बारीक, "...जूला घे की रं..."

आईनं कान टवकारले. "हे कोण रं आपल्याकडचं?"

भाचीनं मागं घेतलं. परत ऐकलं. परत. पाचव्या वेळेपर्यंत शेजारची काकू आली होती, तिच्या मागनं तिची दोन नातवंडं. सहाव्या वेळी सगळ्यांनी श्वास धरून ऐकलं. माळ्यावर मला कधी मिळाली नाही एवढी शांतता होती. बाहेरून ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सगळे थांबले, आणि सातव्यांदा लावलं.

आप्पा कॉटवर पाय लांब करून पडले होते. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्याला ऊस घातलाय, सुरुवातीची दहा बैलगाडीनं. ते बराच वेळ त्या अडकलेल्या गाड्यांकडं बघत होते.

"भरल्या गाडीला बाजूला घे म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "बैल कुठं घेतील बाजूला? आधी चाकाखाली दगड लाव म्हणायचं."